मुक्काम आणि मालकी : मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसच्या निमित्ताने

१

मराठी रंगभूमीच्या इतिहासलेखनाची परंपरा शंभरांहून अधिक वर्षांची आहे. आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचा ‘मराठी रंगभूमि’ हा ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून नाटककार, नट, नाटक मंडळ्या, नाट्यसंगीत आणि नाट्यनिर्बंध यांच्यासंबंधी विपुल माहिती संकलित झाली आहे. या साऱ्या लेखनात नाट्यगृहाचा उल्लेख अर्थातच येतो. परंतु तो बहुधा पहिल्या प्रयोगाच्या तारखेला जोडून येणारा तपशील असतो. अमुक नाटक अमुक दिवशी अमुक थिएटरात झाले, एवढे सांगून इतिहासकार संहितेकडे किंवा अभिनयाकडे वळतो. ते थिएटर कोणाच्या मालकीचे होते, मंडळीला ते कोणत्या अटींवर मिळत होते, तेथील मुक्काम वाढविण्याचा किंवा संपविण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे प्रश्न नटांच्या आठवणींत आणि आत्मचरित्रांत विखुरलेले राहतात. इतिहासाच्या मांडणीत त्यांना स्थान मिळत नाही.

या प्रश्नांना इतिहासाच्या मध्यभागी आणले तर काय दिसते, याचा शोध घेण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. त्यासाठी मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस ही वास्तू निवडली आहे. ही निवड काहीशी आडवळणाची वाटेल. मराठी नाटकाच्या इतिहासात या वास्तूचे स्थान मध्यवर्ती नाही, आणि तिच्या नावातच ज्या कलाप्रकाराचा उल्लेख आहे तो आपला नाही. परंतु नेमक्या याच कारणामुळे ती उपयोगी ठरते. मुंबईतील मराठी नाटक दीर्घकाळ दुसऱ्याच्या घरात वाढले. आणि दुसऱ्याचे घर कसे होते हे पाहिल्याशिवाय भाडेकरूची स्थिती कळत नाही.

२

चर्नी रोड स्थानकातून पूर्वेकडे बाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर ही वास्तू उभी आहे. मॉरिस बँडमन हा नाट्यव्यावसायिक आणि जहांगीर फ्रामजी कराका हे पारशी व्यापारी यांच्या पुढाकाराने तिची योजना आखली गेली. १९०९ साली बांधकाम सुरू झाले. १९११ साली भारतभेटीवर आलेल्या पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते, काम पुरे होण्यापूर्वीच, तिचे उद्घाटन उरकण्यात आले. बांधकाम १९१२ मध्ये पूर्णत्वास गेले. म्हणजे ‘रॉयल’ हे विशेषण मिळाले तेव्हा नाट्यगृह अपुरे होते. राजमान्यता आधी आणि रंगमंच नंतर, हा क्रम वासाहतिक नगराच्या सांस्कृतिक व्यवहाराशी सुसंगत आहे.

दर्शनी भाग युरोपीय बरोक शैलीचा आहे. आत शिरल्यावर प्रतीक्षादालनातील ससून कुटुंबाने दिलेली स्फटिकांची झुंबरे आधी लक्ष वेधतात. प्रेक्षागृहावर आठ भागांत विभागलेला घुमट असून त्याची सजावट कवी व नाटककार यांच्या गौरवार्थ केलेली आहे. खाली बैठक, वर गॅलऱ्या आणि रंगमंचाच्या दोन्ही अंगांना बॉक्स अशी रचना आहे. या बॉक्समध्ये बसून रंगमंचाकडे पाहणाऱ्यास तो तिरपा दिसतो; पण बॉक्समधील व्यक्ती मात्र साऱ्या प्रेक्षागृहाला समोरून दिसते. प्रेक्षकाच्या सोयीपेक्षा प्रेक्षकाच्या प्रतिष्ठेसाठी केलेली ही योजना आहे. चित्रपटगृहाच्या काळात हे बॉक्स काढून टाकण्यात आले, यात नवल नाही. पडद्यासमोरच्या अंधारात कोण कोठे बसले आहे हे कोणी पाहत नाही. अलीकडच्या संवर्धनकार्यात ते पुन्हा उभारण्यात आले आहेत. तेव्हा आज या वास्तूत जाणाऱ्याला दिसते ते १९१२ सालचे प्रेक्षागृह आणि त्याविषयीची एकविसाव्या शतकाची कल्पना, ही दोन्ही एकत्र.

बँडमनविषयी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. तोही फिरत्या नाटक कंपन्यांचाच मालक होता. कलकत्ता हे ठाणे करून भूमध्यसमुद्रापासून जपानपर्यंतच्या बंदरांमधून त्याच्या कंपन्या इंग्रजी संगीतिका व विनोदी नाटके घेऊन हिंडत. त्याच सुमारास मराठी मंडळ्याही पुण्या-मुंबईपासून वऱ्हाड-नागपूरपर्यंत, कर्नाटकापासून बडोदे-इंदुरापर्यंत पडदे, पेट्या आणि बिऱ्हाड घेऊन हिंडत होत्या. दोघांचाही व्यवसाय मुक्कामाचा होता. फरक असा की, बँडमनला साम्राज्याच्या मार्गावरील शहरात स्वतःच्या मुक्कामासाठी घर उभारता आले. मराठी मंडळ्यांना त्याच शहरात, त्यांच्या प्रेक्षकांची वस्ती हाकेच्या अंतरावर गिरगावात असताना, घर भाड्याने घ्यावे लागत होते. बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर यांचे प्रयोग ऑपेरा हाऊसमध्ये झाल्याचे या वास्तूच्या इतिहासात अभिमानाने नोंदले जाते. त्या नोंदीत हे नट पाहुणे म्हणून येतात, ही बाब मात्र सहसा उच्चारली जात नाही.

३

या परिस्थितीची सुरुवात ऑपेरा हाऊसच्या कितीतरी आधी झाली होती. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले ते चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. दरबारी आश्रयात जागेचा प्रश्न उद्भवत नाही. ज्याचा वाडा त्याचेच नाटक. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले, आणि भावे यांना मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले. १८५३ साली ते मुंबईस आले. आरंभीचे प्रयोग गिरगावातील एका वाड्यात झाले आणि मार्च महिन्यात मंडळींनी ग्रँट रोड थिएटरात प्रवेश केला. वाड्यातून थिएटरात झालेले हे स्थलांतर केवळ काही फर्लांगांचे असले तरी त्यात मराठी नाटकाची एक व्यवस्था संपून दुसरी सुरू झाली. यजमानाच्या जागी मालक आला आणि आमंत्रिताच्या जागी तिकीट घेणारा प्रेक्षक.

ग्रँट रोडचे हे नाट्यगृह १८४६ साली सुरू झाले होते. कोटातील जुने बॉम्बे थिएटर १८३५ साली विकले गेल्यावर इंग्रजी नाटकांसाठी नव्या जागेची मागणी होत होती, आणि ती जागा जगन्नाथ शंकरशेट यांनी दिली. येथे एक आक्षेप संभवतो. मुंबईतील मराठी नाटकाला लाभलेले पहिले थिएटर जर एका मराठी धनिकाच्या जागेवर उभे होते, तर ‘दुसऱ्याचे घर’ ही परिभाषा कितपत सार्थ? आक्षेप विचारार्ह आहे. परंतु जमीन कोणाची आणि रंगमंच कोणासाठी, हे दोन प्रश्न भिन्न आहेत. ते थिएटर इंग्रजी प्रेक्षकांची गरज म्हणून बांधले गेले. त्याची कमान, विंगा, पडदा आणि दरांनुसार विभागलेल्या बैठका हे सारे त्या गरजेतून आले होते. भावे यांच्या मंडळींना ते मिळाले ते शंकरशेट, भाऊ दाजी यांच्यासारख्यांच्या सदिच्छेमुळे. सदिच्छा हा आश्रयाचाच नागरी अवतार होय. तिने प्रवेश मिळतो, अधिकार मिळत नाही. शिवाय त्याच वर्षी, ऑक्टोबर १८५३ मध्ये, पारशी मंडळींनीही याच रंगमंचावर पदार्पण केले. पुढील अर्धशतकात ग्रँट रोड, बोरीबंदर व काळबादेवी परिसरात व्हिक्टोरिया, गेइटी, नॉव्हेल्टी, रिपन, एडवर्ड अशी थिएटरे उभी राहिली. या उभारणीत पारशी भांडवलाचा आणि पारशी नाट्यव्यवसायाचा वाटा मोठा होता. मराठी मंडळ्यांनी यातील अनेक जागा गाजवल्या. ८ जुलै १९२१ चा, टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग हा मराठी नाट्येतिहासातील मानबिंदू मानला जातो. केशवराव भोसले आणि बालगंधर्व ज्या रंगमंचावर त्या रात्री एकत्र उभे राहिले तो बालीवाला थिएटरचा होता.

भाषेनेही या इतिहासाची नोंद ठेवली आहे. ग्रँट रोडच्या ‘प्ले हाऊस’चे लोकांच्या तोंडी ‘पिला हाऊस’ झाले आणि एक वस्तीच त्या नावाने ओळखली जाऊ लागली. ‘ऑपेरा हाऊस’ हे नाव तर इमारतीवरून परिसराला मिळाले आणि इमारत बंद असतानाही बसथांब्यावर व पत्त्यांवर टिकून राहिले. नाट्यगृहामुळे नाव मिळालेल्या मुंबईतील या दोन प्रसिद्ध वस्त्या. त्यांपैकी एकाही नावात मराठी नाटकाची खूण नाही.

४

भाडेकरूपणाचा नाटकाच्या रूपावर काही परिणाम झाला काय? येथे सरळ कार्यकारण जोडणे घाईचे होईल. तरीही काही संबंध तपासून पाहता येतात. भाडे प्रत्येक मुक्कामाचे असते, आणि उत्पन्न प्रत्येक रात्रीचे. नवे नाटक बसवून त्याचा प्रेक्षक हळूहळू तयार होईपर्यंत वाट पाहण्याची ऐपत अशा व्यवस्थेत राहत नाही. आधीच लोकप्रिय ठरलेली नाटके पुनःपुन्हा करणे आणि प्रेक्षक ज्याच्यासाठी येतो त्या गायकनटावर सारा भार टाकणे, हा व्यावहारिक शहाणपणा ठरतो. समीक्षकांनी संगीत नाटकातील वन्समोअरच्या प्रथेवर आणि नटकेंद्रिततेवर पुष्कळ टीका केली. ती अभिरुचीच्या अंगाने रास्तही आहे. परंतु त्या अभिरुचीला मुक्कामाच्या हिशेबाची बाजू होती, हे लक्षात घेतले तर दोषाचे वाटप थोडे वेगळे करावे लागेल.

स्वतःचे घर असावे, हे मंडळ्यांना कळत नव्हते असे नाही. किर्लोस्कर मंडळीने १९०९ साली पुण्यात स्वतःचे नाट्यगृह उभारले. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९१५ साली पॅलेस थिएटर सुरू झाले. पुढे त्याला केशवराव भोसले यांचे नाव मिळाले, आणि ऑगस्ट २०२४ मधील आगीत ते भस्मसात झाल्यावर सबंध महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली. या दोन उदाहरणांतील भेद बोलका आहे. संस्थानाने बांधलेले घर नाट्यगृह म्हणून टिकले. मंडळीने बांधलेले घर पुढे चित्रपटगृह झाले. बारमाही फिरतीवर असणाऱ्या कंपनीने एका शहरात इमारत बांधली की तिचा खर्च बारा महिन्यांचा आणि उपयोग काही महिन्यांचा होतो. तेव्हा केवळ मालकी हा या प्रश्नाचा उलगडा नव्हे. फिरत्या मंडळीची मालकी तिच्या गळ्यात अडकते, आणि व्यापाऱ्याची मालकी नाटकाहून किफायतशीर धंद्याची वाट पाहते.

५

तो धंदा लवकरच आला. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिकमध्ये ‘आलमआरा’ झळकला. त्यानंतरच्या दशकातील मराठी रंगभूमीच्या स्थितीला इतिहासकार ‘पडता काळ’ म्हणतात. त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे अशी : बोलपटाचे आकर्षण, नाटकांतील तोचतोपणा, मंडळ्यांचा बेहिशेबी कारभार, आणि नटांचे चित्रपटाकडे वळणे. बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात भूमिका केली, हा दाखला त्यासाठी दिला जातो. ही कारणे खोटी नाहीत. पण या यादीत एका कारणाची भर घालावयास हवी. प्रेक्षक नाटकाला सोडून गेला त्याच वेळी जागाही नाटकाला सोडून गेली. थिएटरमालकाच्या दृष्टीने पाहिले तर फिरत्या मंडळीचे अनिश्चित भाडे आणि दिवसाला अनेक खेळ करणाऱ्या यंत्राचे नियमित उत्पन्न यांत निवड अवघड नव्हती. साक्षात ऑपेरा हाऊस, बॉक्स आणि घुमटासह, १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यास नियमित चित्रपटगृह झाले. ज्या घटनेला आपण रंगभूमीचा पराभव म्हणत आलो ती काही अंशी बेदखली होती. पराभवाची कारणे पराभूताच्या गुणदोषांत शोधली जातात. बेदखलीची कारणे भाडेकराराच्या अटींत सापडतात.

नाटक तेव्हा निर्जीव झाले नव्हते याचा पुरावा याच दशकात आहे. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगमंचावर आणले. पार्श्वनाथ आळतेकर यांचे दिग्दर्शन, केशवराव भोळे यांचे संगीत, स्त्रीभूमिकांत स्त्रिया, आणि रंगविलेल्या पडद्यांऐवजी खऱ्या दिवाणखान्याचा भास देणारे नेपथ्य : मराठी वास्तववादी रंगभूमीचा आरंभ येथे मानला जातो. प्रयोग झाला रिपन थिएटरात, म्हणजे पिला हाऊसच्याच परिसरात. नाट्यमन्वंतर अल्पायुषी ठरले. त्याचे अपयश वाङ्मयीन निकषांवर पुष्कळ चर्चिले गेले आहे. पण असे नाटक मूळ धरण्यासाठी त्याच जागी महिनोन्महिने उभे राहावे लागते, आणि ती जागा या संस्थेजवळ नव्हती, याचाही त्या चर्चेत समावेश व्हावयास हवा.

ही स्थिती मराठी नाटकापुरती मर्यादित नव्हती. पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सने १९४५ साली ऑपेरा हाऊसमध्येच ‘शकुंतला’ केले. १९४४ ते १९६० या सोळा वर्षांत या संस्थेने अडीच हजारांहून अधिक प्रयोग केले, आणि तेही स्वतःच्या छपराविना. जुहूचे पृथ्वी थिएटर उभे राहिले ते १९७८ साली, पुढच्या पिढीच्या हातून.

६

मराठी नाटकाने या कोंडीतून काढलेला मार्ग मालकी आणि मुक्काम या दोहोंहून वेगळा होता. १९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने १९४० नंतरच्या दशकात नाट्यमहोत्सव सुरू केले. बंदिस्त थिएटरे चित्रपटांनी व्यापलेली असताना हे नाटक आधी खुल्या रंगमंचावर आले, आणि १९६४ साली गिरगावच्या केळेवाडीत संघाचे स्वतःचे नाट्यगृह उभे राहिले. १९६५ मध्ये दादरचे शिवाजी मंदिर सुरू झाले. १९६८ साली पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर आणि १९७८ साली ठाण्यात गडकरी रंगायतन ही नगरपालिकांची नाट्यगृहे झाली. त्याही आधी, १९२२ पासून, परळच्या गिरणगावात सोशल सर्व्हिस लीगचे दामोदर नाट्यगृह कामगार रंगभूमीला आसरा देत होते. सार्वजनिक संस्था, मंडळ, पालिका : घर नाटक कंपनीचेही नाही आणि व्यापाऱ्याचेही नाही, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेने नाटकवाल्यांच्या बोलीत एक शब्द रूढ केला : ‘तारीख’. निर्मात्यांची चिंता नाट्यगृहांच्या तारखांची असते. शनिवार-रविवारच्या तारखा कोणाला मिळाल्या यावरून नाटकाचे भवितव्य ठरते. मुक्काम हा जसा जुन्या मंडळ्यांचा शब्द, तसा तारीख हा नव्या व्यावसायिक रंगभूमीचा. मुक्कामात काही आठवड्यांचा अवकाश होता. तारखेत काही तासांचा. सकाळी एका नाटकाचे नेपथ्य लावायचे, दुपारी उतरवायचे, संध्याकाळी दुसऱ्याचे चढवायचे, या क्रमात रंगमंचाचा विचार दिग्दर्शकाला टेम्पोत मावेल अशा आकारातच करावा लागतो. म्हणजे संस्थांच्या मालकीमुळे बेदखलीचे भय कमी झाले, भाडेकरूपण मात्र संपले नाही. प्रायोगिक रंगभूमीची गोष्ट याहून वेगळी नाही. १९७४ पासून ‘आविष्कार’ने ज्या जागेला चळवळीचे नाव मिळवून दिले ती दादरच्या छबिलदास शाळेची होती, आणि शाळेचे सभागृह शाळेच्या गरजांप्रमाणेच मिळणार.

या दीर्घ अनुभवाचा ठसा संहितांवर उमटला आहे काय, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घडते ते मुंबईच्या एका चाळसदृश वस्तीतील हौशी मंडळी प्रयोगासाठी ज्या परक्या सभागृहात येऊन थांबली आहेत तेथे. नाटक करण्यासाठी मिळालेली उसनी जागा, आणि रात्रीच्या खेळापर्यंतचा रिकामा वेळ, या दोहोंतूनच ते भीषण खेळणे सुरू होते. आणि बाहेर पडू पाहणाऱ्या बेणारेला दार उघडत नाही. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये रंगमंचावर राज्य केलेला नट अखेर बेघर होतो. या नाटकांचे अर्थ जागेच्या प्रश्नापुरते आक्रसून टाकावेत, असे सुचवायचे नाही. परंतु आपल्या रंगभूमीच्या दोन श्रेष्ठ संहितांत नाटकवाला माणूस जागेसंबंधी असा अधांतरी असावा, हे निव्वळ योगायोगावर सोडून देण्यासारखेही नाही.

७

ऑपेरा हाऊस १९५२ पासून गोंडलच्या राजघराण्याकडे आहे. १९९३ साली ते बंद पडले आणि दोन दशकांहून अधिक काळ तसेच राहिले. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली झालेल्या संवर्धनानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडले, आणि २०१७ साली या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसासंवर्धन पुरस्कार मिळाला. हे काम निःसंशय मोलाचे आहे. एका मालकाची इच्छा, तज्ज्ञांचे कौशल्य आणि वारसा या संकल्पनेला आलेली प्रतिष्ठा यांच्या योगाने ते साधले.

त्याच शहरात दामोदर नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले, आणि त्या जागी पूर्वीच्या क्षमतेचे नाट्यगृह उभे राहावे म्हणून रंगकर्मींना आंदोलन करावे लागले. दामोदरला घुमट नव्हता, झुंबरे नव्हती, बादशहाने त्याचे उद्घाटन केले नव्हते. कोकणातून आलेल्या गिरणीकामगारांनी तेथे रात्रीच्या भाड्यावर नाटके केली. एवढाच त्याचा वारसा. वास्तुशास्त्राच्या निकषांवर दोन्ही इमारतींची तुलना होणार नाही, आणि ती करण्याचे कारणही नाही. नाट्येतिहासाच्या निकषांवर मात्र ती केली पाहिजे. कारण एका वास्तूत मराठी नाटक पाहुणे होते आणि दुसरीत, भाडे भरूनही, घरचे होते. कोणती इमारत जपण्याजोगी आहे हे ठरविताना ती कशी दिसते याबरोबरच तिच्या तारखा कोणाला मिळत होत्या, हेही विचारले जाईल, तर त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी नाट्येतिहासकारांवर येईल. भाडेपावत्या, तारखांच्या वह्या, नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांचे पत्रव्यवहार हे आजवर दुर्लक्षिलेले साहित्य, इमारती पाडल्या जाण्यापूर्वी, गोळा करणे हे त्यासाठीचे पहिले काम ठरते. विद्यापीठांतील मराठी विभागांनी ते हाती घ्यावयास हवे. संहिता आपल्याकडे पुष्कळशा सुरक्षित आहेत.